वीतभर अंतरावरून

माझं काम चेहऱ्याच्या फार जवळचं.
इंदूरला जेल रोडवर, बाफनांच्या चष्म्याच्या दुकानात
एकतीस वर्षं मी लोकांच्या नाकावर पट्टी धरतोय,
ह्या बाहुलीपासून त्या बाहुलीपर्यंत
बासष्ट, चौसष्ट, क्वचित एखादा अडुसष्ट मिलिमीटर.
तेवढा वेळ दोघंही श्वास रोखून असतो.
कुणीतरी आधी सोडतोच.

म्हणून मला कळतं
कोण पोह्यांवर कच्चा कांदा मागून घेतं,
कोण उपाशी आलंय,
कोण घरी न सांगता ओढतं.
मी फक्त आकडा लिहितो.

माझ्या तोंडाचं म्हणाल, तर
डब्यात लसणाची शेव असते आणि ती सुटत नाही.
तेव्हा आधी बडीशेप. पण "माझ्या कानाकडे बघा" म्हणताना
तिचा एक दाणा उडून
गिऱ्हाइकाच्या कोऱ्या काचेवर बसला.
मग लवंग. जीभ बधिर, चौसष्टचं तौतष्ट.
वेलदोडा उत्तम; पण बाफनाशेठ म्हणाले, भिया,
तुम्ही जवळ आलात की खीर आल्यासारखं वाटतं,
आणि मला डायबिटीस आहे.

च्युइंगम दोन आठवडे केलं.
चव चार मिनिटांत संपते,
पुढे उरते ती नुसती नोकरी.
त्यात शिरढोणकर बाई आल्या फ्रेम बदलायला,
सातवीत भूगोल शिकवायच्या,
म्हणाल्या, "तोंडात काय आहे रे?"
पंचेचाळीस वर्षांचा मी, गिळून टाकलं.

आणि टाकायचं तरी कुठे?
ह्या शहरात रस्त्यावर तर सोयच नाही.
सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली
तेव्हा त्या पोराला विचारलं,
च्युइंगम ओल्यात की सुक्यात?
त्यानं दोन्ही डब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"काका, उद्या विचारून सांगतो."
त्याला आता आठ वर्षं झाली.

शेवटी पांढरी पेपरमिंट.
सियागंजातून पावशेर, कागदाच्या पुडीत, बिनानावाची.
मधे भोक असलेली नको, शिट्टी वाजते.
डबीतली महागडी नको, ती फार बोलते.
ही डाव्या गालात ठेवायची, चावायची नाही,
जिभेनं अधूनमधून विचारपूस करायची.
तिसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत
ती मधे पातळ, कडेला जाड होते,
मायनस नंबरच्या काचेसारखी.

मास्कच्या दिवसांत
तिचा गारवा नाकावरून वर चढायचा,
माझाच चष्मा धुकट, माझ्याच डोळ्यांत पाणी.
समोरचा काय खाऊन आलाय, पत्ता नाही.
दोन वर्षं मी नुसता माझाच वास घेतला.
सांगतो, कंटाळवाणा माणूस आहे.

परवा मुळ्यांचा नातू आला, अर्णेश, वय सात,
पहिला चष्मा.
गालात काहीतरी भलं मोठं गुलाबी.
"हलायचं नाही हं," म्हटल्यावर घाबरला,
तोंडातून तो गोळा काढला
आणि माझ्या तळहातावर ठेवला.
"धरा. टाकू नका. गोड आहे अजून."

डाव्या हातात ते, उजव्या हातात पट्टी.
कोमट होतं. चार दातांचे ठसे,
एका जागी पडलेल्या दाताची फट.
त्यानं श्वास बिस काही रोखला नाही,
सरळ माझ्या तोंडावर सोडला,
कुठल्याही फळाला नसतो असला फळाचा वास.
"तुम्ही पेपरमिंट खाता," तो म्हणाला.
इतक्या वर्षांत हे मोठ्यानं कुणी म्हटलं नव्हतं.

चोपन्न, मी लिहिलं.
मग खोडून परत मोजलं. चोपन्नच होतं.
त्यानं आपलं ते उचललं, तोंडात टाकलं
आणि जिना उतरून गेला.

बाफनाशेठ म्हणाले, हात धुवा हो.
धुतो म्हटलं.